द्रावण, कलिल की निलंबन? टॉर्च मारून बघा

मिश्रणाच्या या तीन प्रकारांच्या व्याख्या पाठ करून पोरं पेपरात घोळ घालतातच, त्यापेक्षा काचेचे तीन ग्लास पाणी घ्या, एकात साखर विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोनच थेंब (मी आधी चमचाभर ओतलं, नुसतं पांढरंफटक झालं), तिसऱ्यात खडूची पूड, आणि लाईट घालवून बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा. साखरेच्या पाण्यात उजेडाचा पट्टा दिसत नाही, ते द्रावण. दुधाच्या पाण्यात मस्त दिसतो, हाच टिंडल परिणाम (कणांनी उजेड विखुरणं), म्हणजे कलिल, कण साधारण 1 ते 1000 नॅनोमीटरचे, गाळण कागदातनंही निसटतात. म्हणूनच दूध एकजीव दिसलं तरी विषमांगीच (आतून सगळीकडे एकसारखं नसलेलं) हां, इथेच मार्क जातात. खडूच्या पाण्यातही उजेड पसरतो, पण ग्लास न हलवता ठेवला की पूड तळाशी बसते, ते निलंबन.