खेड्यात घर बांधायचंय? परवानगीचं कसं करायचं ते सांगतो भो

कपाशीचे पैसे हातात आले की आमच्या खान्देशात दोनच गोष्टी निघतात, एक तर पोरीचं लग्न नाहीतर घराचं बांधकाम. आणि बांधकामाचा विषय निघाला की ओट्यावर बसलेलं कोणीतरी हमखास म्हणतं, "कसाले परवानगी काढस भो, गाव आपलंच शे." मी पण ते ऐकून पाया खोदायला जेसीबी सांगून बसलो होतो. मग लोनसाठी बँकेत गेलो तर त्यांनी पहिलाच कागद मागितला मंजूर नकाशाचा, जेसीबीवाल्याला नाही म्हणावं लागलं आणि माझी खरी फिरफिर तिथून सुरू झाली.

तर सगळ्यात आधी हे बघा की जागा नेमकी कुठं येते. गावठाणात (म्हणजे सरकारी नोंदीत वस्तीसाठी ठेवलेली जागा), गावठाणाला लागून, की पार शेतात. लोकं इथंच फसतात, कारण आपण ज्याला "गाव" म्हणतो ते सगळं गावठाण नसतं. रस्त्यापलीकडं वीस वर्षांपासून घरं आहेत, लाईटीचे पोल आहेत, नळ आहे, आणि सातबारावर तिथं अजून ज्वारी पेरलेली असते. तलाठी आप्पांकडं (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, आप्पा मात्र आप्पाच राहिले) गावनकाशा असतो, त्यावर आपला गट नंबर गावठाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर हे बोट ठेवून बघून घ्या.

गावठाणात असाल तर सातबारा बहुतेक नसतोच. तिथं चालतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरचा उतारा. आता यात एक गंमत आहे, महसुलात "८ अ" नावाचा वेगळाच उतारा असतो, तो शेतीच्या खात्याचा, आणि बोलताना दोन्हीला सगळे "आठचा उतारा"च म्हणतात. मी एकदा ८ अ घेऊन गेलो, मागत होते नमुना ८, एक दिवस गेला. दुसरं म्हणजे नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. गावात स्वामित्व योजनेचा ड्रोन फिरून गेला असेल (२०२० पासून सुरू आहे ती) तर भूमी अभिलेखकडून प्रॉपर्टी कार्ड काढा, ते नमुना ८ पेक्षा कितीतरी भक्कम.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर वेगळी एनए (शेतजमीन अकृषिक म्हणजे बिगरशेती करायची) परवानगी काढावी लागत नाही, किती रक्कम भरायची ते तहसीलमधून विचारून घ्यायचं, भरायची, जमीन अकृषिक धरली जाते. पण एनएचं मिटलं म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि अर्धं गाव त्या एकच समजतं. २०० मीटरच्या बाहेर असाल तर अकृषिकचं सध्या काय करावं लागतं ते तहसीलमध्ये आधी विचारा, वेळ धरून चाला. शेतात फक्त राखणीला आणि अवजारं ठेवायला शेतघर बांधायचं असेल तर त्याचे नियम वेगळे, त्यासाठी एनए लागत नाही.

नकाशावर पैसे घालायच्या आधी सातबारा शांत बसून वाचा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे जमिनीवर सरकारी अटी आहेत) लिहिलं असेल तर आधी सरकारी परवानगीचं बघावं लागेल. "इतर हक्क" रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसला तर तो फेडून कमी करून घ्या, बरेचदा कर्ज फिटलेलं असतं आणि नोंद तशीच पडून असते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर अशा भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला सहज घेता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ आडवं येतं, तिथं नोटरीवर घेतलेल्या प्लॉटवर घर बांधणं म्हणजे पैसे तापीत सोडणं. नदीकाठी असाल तर निळी पूररेषा विचारा, २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा, तिच्या आत नवीन बांधकाम बसत नाही. नदी कोरडी आहे म्हणून हसू नका, चाळीसगावात २०२१ च्या ऑगस्टच्या शेवटी तितूर आणि डोंगरीनं काय केलं ते आठवा. हायवेला लागून जागा असेल तर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं ते ज्या खात्याचा रस्ता आहे त्यांनाच विचारायचं.

मग मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसला अर्ज, फी ऑनलाईन भरता येते, शेजाऱ्यांना नोटीस जाते. आमची मोजणी मे महिन्यात लागली, ४५ डिग्रीत मोजणीवाले साहेब डोक्यावर रुमाल टाकून बांधावर उभे, आणि आमचे चुलते छत्री घेऊन प्रत्येक खुंटाजवळ बसून राहिलेले. शेवटी बांध आमच्याच बाजूला चार फूट सरकलेला निघाला. तेव्हाच कळलं हे बरं झालं, भिंत उठल्यावर कळलं असतं तर भाऊबंदकी कोर्टात गेली असती. मोजणीची "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जपून ठेवा, पुढं तीच लागते.

आता नकाशा. लायसन असलेल्या इंजिनियरकडूनच काढा, गावातल्या मिस्तरीचं डोकं कितीही चालत असलं तरी त्याची सही चालत नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, लोकं तिला युनिफाईड डीसीआर म्हणतात, आणि समोर, मागं, बाजूला किती जागा सोडायची ते तिच्यात बघून इंजिनियर नकाशा करतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत नेऊन हवाय हे नकाशातच लिहून घ्या.

छोट्या घराला या नियमावलीत बरीच सूट आहे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फूट असेल तर मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, घराचा प्लॅन, तो नियमात बसतो असं इंजिनियरचं प्रमाणपत्र आणि विकास शुल्क भरल्याची पावती एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं आणि काम चालू करायचं. १५० ते ३०० चौरस मीटरला (३२०० फुटांपर्यंत) कागद दिल्यावर किती शुल्क ते कळवतात आणि भरल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची असते. सातबारावर क्षेत्र आरमध्ये असतं, तर १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे दीड आरपर्यंत पहिला गट. याच्या वर गेलात तर प्रकरण नगररचनाकडं.

अर्ज देताना दोन सेट न्या आणि एकावर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. "ठेवून द्या, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. माझं प्रकरण एका टेबलावर तीन आठवडे पडून होतं आणि कारण काय, तर आजोबांच्या नावात एका कागदावर "राव" होतं, दुसऱ्यावर नव्हतं. कोणी फोन करून सांगितलं नाही, मीच गेलो तेव्हा कळलं. त्यामुळं सगळे कागद समोर मांडून नावं अक्षर अक्षर जुळवा, नसतील जुळत तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. वारस नोंद राहिली असेल तर ती सगळ्यात आधी, कारण मयत माणसाच्या नावावर परवानगी निघत नाही.

परवानगी हातात आली की तिच्यावरच्या अटी वाचा. ती एका वर्षाची असते, काम लांबलं तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्यायची, एकूण चार वर्षांपर्यंत चालतं. मधेच एक खोली वाढवावीशी वाटली तर सुधारित नकाशा द्या, नाहीतर तेवढा भाग अनधिकृत होतो. आणि मंजूर नकाशाची एक झेरॉक्स साईटवर ठेवा, मिस्तरीला पण दाखवा, आमच्याकडं त्यानं संडास नकाशात पूर्वेला असून पश्चिमेला आखला होता.

घर झालं की ग्रामपंचायतीत अर्ज करून नमुना ८ ला नोंद लावायची. त्यावर नवरा बायको दोघांची नावं लागतात, आम्ही तशीच लावली, आणि उतारा हातात आल्यावर तिथंच उभं राहून दोन्ही नावं वाचली. बायकोच्या नावाची वेलांटी चुकलेली होती. लगेच दुरुस्त करून घेतली.