शंभर प्रोटीन, एक स्क्रिप्ट, एकच अँगल: पायमॉलमधून बॅचने इमेज कशा काढायच्या

फोल्डरमध्ये प्रोटीनची पन्नास-शंभर स्ट्रक्चर्स (अणूंच्या जागा देणाऱ्या फाइली) आहेत आणि प्रत्येकाची इमेज हवीय, तर एकेक फाइल उघडून माउसने फिरवत बसू नका. वेळ तर जातोच, पण खरा तोटा असा की हाताने काढलेल्या दोन इमेज शेजारी ठेवल्या की झूम वेगळा, अँगल वेगळा, मग तुलना करायची कशाची? स्क्रिप्ट लिहायची ती मुख्यतः यासाठी, स्पीड हा बोनस.

पायमॉल, म्हणजे प्रोटीनची थ्रीडी रचना दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडो न उघडता चालतं. टर्मिनलवर पायमॉल, मग मायनस सीक्यू, मग तुमच्या पायथन स्क्रिप्टचं नाव, एवढंच. सी म्हणजे विंडो नको, क्यू म्हणजे सुरुवातीचे मेसेज नकोत. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून इमेज काढणं) सीपीयूवर होतं त्यामुळे स्क्रीन किंवा ग्राफिक्स कार्ड नसलेल्या सर्व्हरवरही काम होतं.

स्क्रिप्टचा सांगाडा साधा आहे: ग्लॉबने (नावाच्या नमुन्यावरून फाइली शोधणारं पायथन मॉड्यूल) फाइलींची यादी घ्या, सॉर्ट करा, लूप लावा. लूपमध्ये पहिली कमांड रीइनिशियलाइज, म्हणजे आधीच्या प्रोटीनचं काही मागे राहत नाही. पण ही कमांड सेटिंग्जही पुसते, म्हणून पांढरं बॅकग्राउंड वगैरे सगळं तिच्यानंतर, लूपच्या आतच लिहा. लूपच्या वर लिहिलंत तर काहीच लागू होणार नाही आणि एररही येणार नाही.

आता मेन गोष्ट, कॅमेरा. बरेच जण लोड करून ओरिएंट देतात आणि मोकळे होतात. ओरिएंट प्रत्येक मॉलिक्यूल त्याच्या स्वतःच्या आकारानुसार फिरवतं, त्यामुळे एखादी लांब शेपटी असली तरी अख्खं प्रोटीन वेगळ्याच बाजूने दिसू शकतं. त्यापेक्षा एक रेफरन्स स्ट्रक्चर ठरवा, ते विंडोत उघडून मनासारखा अँगल लावा आणि गेट व्ह्यू द्या. १८ आकडे मिळतील: पहिले ९ रोटेशनचे, पुढचे ३ कॅमेऱ्याच्या जागेचे, त्यापुढचे ३ ज्या बिंदूभोवती फिरतं त्याचे, मग पुढचं आणि मागचं क्लिपिंग (या मर्यादांच्या बाहेरचं दिसत नाही), शेवटचा पर्स्पेक्टिव्हचा. हे स्क्रिप्टमध्ये पेस्ट करा. लूपमध्ये दरवेळी आधी रेफरन्स लोड, मग नवीन फाइल, नवीन फाइल रेफरन्सवर सुपर कमांडने बसवा, रेफरन्स डिलीट करा आणि सेट व्ह्यू. सीक्वेन्स बरेच जुळत असतील तर अलाइनही चालतं, कमी जुळत असतील तर सुपरच बरं.

सुपर जे आकडे परत देतं ते फेकू नका, लॉग फाइलमध्ये लिहा. आरएमएसडी (जुळवलेल्या अणूंमधलं एक प्रकारचं सरासरी अंतर) बघतातच सगळे, पण किती अणू जुळले तेही बघा, कारण २० अणूंवर काढलेला छान आरएमएसडी म्हणजे काहीच जुळलेलं नाही. आणि रेफरन्सपेक्षा मोठं प्रोटीन असलं तर क्लिपिंगमुळे त्याचा पुढचा भाग कापला जातो, म्हणून व्ह्यू घेताना क्लिपिंग थोडं ऐसपैस ठेवा.

मग पाणी काढायला रिमूव्ह सॉल्व्हेंट, कार्टून (साखळीचं फितीसारखं चित्र) दाखवा, लिगँड (प्रोटीनला चिकटलेला छोटा रेणू) ऑरगॅनिक या सिलेक्शनने स्टिक्समध्ये दाखवा. यात ग्लिसरॉलसारखं क्रिस्टलायझेशनचं सामानही येतं, तेव्हा नेमका लिगँड माहीत असेल तर त्याचं रेसिड्यू नाव (फाइलमधला त्याचा छोटा कोड) द्या. रंग स्वतः ठरवा, नाहीतर पायमॉल दुसऱ्या ऑब्जेक्टला आपोआप वेगळा रंग देतो.

सेव्ह करताना पीएनजी कमांडमध्येच रुंदी, उंची, डीपीआय आणि रे बरोबर १ द्या. ८.५ सेंमीच्या कॉलमला ३०० डीपीआयने साधारण १००० पिक्सेल पुरतात, उगाच ५००० चा हट्ट केलात तर सरफेस असलेल्या मोठ्या कॉम्प्लेक्सवर मशीन खूप वेळ अडकतं. ट्रान्सपरंट बॅकग्राउंड हवं तर रे ओपेक बॅकग्राउंड ० करा.

प्रत्येक फाइलचं काम ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला, एका खराब फाइलसाठी रात्रभराची बॅच पडायला नको. इमेज आधीच असेल तर ती फाइल सोडून पुढे जा असंही लिहा, मधेच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको.

एक गोष्ट स्क्रिप्टला आपोआप कळत नाही. १एचएचओ ही प्रोटीन डेटा बँकेतली माणसाच्या ऑक्सिहिमोग्लोबिनची एंट्री लोड करा, दोनच साखळ्या दिसतील, कारण फाइलमध्ये असिमेट्रिक युनिट (ज्यावरून सिमेट्रीने अख्खा क्रिस्टल तयार होतो तो सर्वात छोटा तुकडा) आहे आणि रक्तात हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं. एमएमसीआयएफ (स्ट्रक्चरचा एक फाइल प्रकार) फाइल असेल तर लोडच्या आधी असेंब्ली (प्रोटीनचं पूर्ण, प्रत्यक्षातलं रूप) सेटिंग १ करा आणि लोडनंतर ऑल स्टेट्स ऑन करा, म्हणजे सगळ्या प्रती एकत्र दिसतील. पण हेच एनएमआर फाइलला (हिच्यात एकाच प्रोटीनची अनेक मॉडेल्स असतात) लावलंत तर सगळी मॉडेल्स एकमेकांवर चढून गिचमिड होते. म्हणून एक छोटी सीएसव्ही ठेवा, प्रत्येक फाइलसमोर असेंब्ली हवी की नको, लिगँड कुठला, आणि स्क्रिप्टला ती वाचू द्या.

शेवटी इमेजमॅजिक या इमेज टूलच्या मॉन्टाज कमांडने सगळ्या इमेजेसचा एक तक्ता बनवा. कापलेलं, उलटं बसलेलं किंवा लिगँड गायब झालेलं प्रोटीन त्यात लगेच डोळ्यात भरतं, त्या फाइलींची सीएसव्हीतली ओळ दुरुस्त करा, त्यांच्या इमेज डिलीट करा आणि स्क्रिप्ट परत चालवा, तेवढ्याच नव्याने निघतील.