टर्बो पेट्रोल गाडीत साधं टाकायचं की प्रीमियम? या चुका टाळा

"साहेब, साधं की पावर?" पंपावरचा पोरगा विचारतो, मागे तीन गाड्या हॉर्न मारत असतात, आणि त्या घाईत तोंडातून जे निघेल ते टाकीत जातं. टर्बो गाडी घेतल्यावर पहिलं दीड वर्ष मी हेच केलं, गाडी भारी आहे तर पेट्रोलही भारी पाहिजे एवढाच हिशोब. नंतर कळलं की मी जास्तीचे पैसे मोजून जे घेत होतो त्याचं ऑक्टेन तेव्हाच्या साध्याइतकंच, ९१, फक्त त्यात इंजिन साफ ठेवणारं डिटर्जंट जास्त. म्हणजे दीड वर्ष मी साबण विकत घेतला!

तर पहिली चूक हीच, नाव बघून पेट्रोल टाकणं. पावर, स्पीड, एक्स्ट्रा अशी नावं वर्षानुवर्षं आहेत, आणि त्यातली बरीचशी नुसती ॲडिटिव्हवाली, म्हणजे तोच साबण मिसळलेली. ऑक्टेन जास्त असेल तर मशीनवर आकडा लिहिलेला असतो, एक्सपी ९५, पावर ९५, स्पीड ९७ असा. आकडा नसेल तर ऑक्टेन साध्याइतकंच समजायचं. आणि त्या साबणाबद्दल अजून एक, ज्या टर्बो इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये उडतं (डायरेक्ट इंजेक्शन, आजकालच्या बऱ्याच टीएसआय, टीजीडीआय नावाच्या गाड्या) तिथे इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) पेट्रोल पडतच नाही, मग तिथला कार्बन ते धुणार कसं? इंजेक्टरचं तोंड साफ राहतं तेवढा फायदा, बाकी नाही.

आता ऑक्टेन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्मे गैरसमज इथेच आहेत. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल स्पार्कच्या आधी किंवा भलत्याच कोपऱ्यात आपोआप पेट घेत नाही, ती सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. टर्बो हवा कोंबून भरतो, दाब वाढतो, तापमान वाढतं, म्हणून टर्बोला ही सहनशक्ती जास्त लागते. ती कमी पडली की नॉकिंग, म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड. पण हल्लीच्या गाडीत नॉक सेन्सर असतो, त्याला चाहूल लागली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क थोडा उशिरा टाकतो आणि इंजिन वाचवतो. तुम्हाला आवाज येतच नाही, फक्त गाडी ओढत नाही असं वाटतं. म्हणजे "साधं टाकलं की इंजिन फुटतं" हेही खोटं आणि "काहीच फरक नाही" हेही खोटं, फरक पडतो पण तो कुठे पडतो ते बघायला पाहिजे.

कुठे पडतो? सकाळी एकट्याने ऑफिसला जाताना सिग्नल ते सिग्नल चालवली तर टर्बोवर भार येतच नाही, तिथे ९५ टाकून मला तरी काडीचा फरक जाणवला नाही. पण मे महिना, पाच माणसं, डिकी भरलेली, एसी फुल्ल आणि खंबाटकीचा चढ, तिथे मात्र ९५ वर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये मोकळी ओढत होती आणि साध्यावर दम निघाल्यासारखी. म्हणून मी आता कोकणात किंवा महाबळेश्वरला निघताना ९५ भरतो, इतर वेळी साधं. हे माझ्या एक लिटरच्या तीन सिलेंडरवाल्या गाडीचं, तुमच्या गाडीसाठी आधी फ्युएल फ्लॅप उघडा आणि आतलं स्टिकर वाचा. इतकं सोपं काम पण किती जण करतात? काही युरोपियन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ९५/९१ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ९५ टाका, ९१ चालेल पण ताकद थोडी कमी मिळेल. फक्त ९१ लिहिलं असेल तर गाडी त्यावरच ट्यून केलेली आहे, रोज महागडं टाकायची गरज नाही. आणि ९५ च्या खाली चालणारच नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर मग पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पैशाचा विषय निघाला म्हणून, "प्रीमियमने ॲव्हरेज वाढतं, पैसे वसूल होतात" असं सांगणाऱ्यांनी एकदा गणित करावं. धरा साधं १०४ रुपये, ९५ वालं ११२, आणि गाडी १४ चं ॲव्हरेज देते. खर्च बरोबरीत यायला ती १५ च्या वर गेली पाहिजे. माझी अर्धा किलोमीटरसुद्धा वाढली नाही, टाकी टू टाकी मोजून. १०० ऑक्टेनचं तर विचारूच नका, डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी १०० आणलं, पुणे-मुंबई धरून दहा शहरांत, तेव्हाच दिल्लीत भाव १६० रुपये लिटर होता. त्या भावात वसूल व्हायला साडेएकवीसचं ॲव्हरेज पाहिजे! ज्या इंजिनाचा मॅपच (ईसीयूमधली सेटिंग) ९५ चा आहे ते १०० ऑक्टेनचं करणार काय.

आता इथेनॉलची भानगड. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेनही ९५ पर्यंत गेलंय. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच शंभराच्या वर, त्यामुळे मिसळलं की आकडा चढणार हे बरोबरच आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडलं तर "पंपवाल्याने भेसळ केली" म्हणून भांडायला जाऊ नका, आणि ९५ टाकून ते परत येईल ही आशाही सोडा, कारण ९५ वाल्यातही इथेनॉल असतंच.

अमेरिकेतल्या भावाचा सल्लाही जरा जपून घ्या. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला, "अरे टर्बोत ९३ टाक, ८७ टाकू नकोस." तिकडे पंपावर जो आकडा असतो तो दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी, आपल्याकडे फक्त एका चाचणीचा. तिकडचं ८७ म्हणजे जवळपास आपलं ९१-९२, आणि ९३ म्हणजे आपलं ९७-९८. आकडे तसेच उचलले की घोटाळा होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पेट्रोलची नाहीच. गाडी ओढत नाही, खडखडते, म्हणून लोक महिनोन्‌महिने प्रीमियम टाकत बसतात आणि खरं दुखणं असतं जुना स्पार्क प्लग, तुंबलेला एअर फिल्टर नाहीतर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) सैल झालेला पाईप. चेक इंजिन लाईट लागली असेल तर आधी स्कॅन करून घ्या. (थंड इंजिन सुरू केल्यावर येणारी बारीक टकटक ही बहुतेक वेळा इंजेक्टरची असते, तिला घाबरू नका.) आणि ४० च्या स्पीडला पाचवा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबायची सवय असेल तर ती आजच सोडा. कमी आरपीएमवर जोर दिला की टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये स्पार्कच्या आधीच भडका उडू शकतो, त्यात पिस्टन जातो, आणि तिथे ऑक्टेन फारसं कामी येत नाही, तिथे ऑइल महत्त्वाचं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेलं ऑइल घ्या, प्रीमियमवर उडवलेले पैसे तिकडे लावा.

स्टेज वन रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचा मॅप बदललेली गाडी असेल तर वरचं सगळं विसरा. मॅप ज्या ऑक्टेनवर लिहिलाय तेच टाकायचं, गावाकडच्या पंपावर ते मिळत नसेल तर ट्यूनरकडून साध्या पेट्रोलचा मॅप आधीच घेऊन ठेवा.

आणि ९५ वाल्या गाडीत चुकून साधं भरलंच तर टाकी रिकामी करायला गॅरेज शोधू नका. साधं ९१ चं धरलं तरी अर्धी टाकी ते आणि वरून अर्धी ९५ म्हणजे साधारण ९३ झालंच. तोवर घाटात गिअर खाली ठेवून निवांत चालवा, फुल्ल ॲक्सिलरेटर दाबू नका, आणि पुढच्या पंपावर नोझल टाकीत जायच्या आधी आकडा बघा, झिरो तर आपण सगळे बघतोच.