‘फरदड घेता का?’ हा प्रश्न कसा चुकला

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी पहिला विषय लिहून नेला, ‘विदर्भातील कापूस उत्पादकांच्या समस्या’. सरांनी कागद परत केला. "गाव कोणतं, साल कोणतं, समस्या कोणती?" तीन चकरांनंतर विषय उरला तो एवढाच: यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या मामाच्या गावात, २०१७ला गुलाबी बोंडअळीनं एवढा तडाखा दिल्यावरही लोक फरदड का ठेवतात?

(फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, न उपटता, पाणी देऊन कापसाचे आणखी वेचे काढणं. अळीला पुढचे काही महिने आयतं खायला मिळतं, म्हणून कृषी विभाग नको म्हणतो.)

छापील प्रश्नावली घेऊन निघालो. ‘आपण फरदड घेता का?’ "नाई बा, आमी नाई घेत." अकरा घरं, अकरा वेळा नाही. परतताना पाहतो तर फेब्रुवारीच्या उन्हात रस्त्याच्या दोन्ही अंगाला पऱ्हाटी उभी! हातात फाईल, तोंडी ‘आपण’. लोकांना मी सरकारी माणूस वाटलो होतो.

दुसऱ्या दिवशी फाईल घरीच ठेवली. दिवेलागणीनंतर ओट्यावर जाऊन बसलो आणि फरदड हा शब्दच काढला नाही. "काका, शेवटचा वेचा कधी झाला?" एवढंच विचारलं. "झाला कुठं? पाणी हाये तं अजून दोन निघते. चना पेराले पैसा कुठून आनला असता?" माझ्या प्रकल्पाचं निम्मं उत्तर या एका वाक्यात होतं.

खरी पक्की माहिती मात्र मामीनं गाठ घालून दिलेल्या वेचणाऱ्या बायांकडून मिळाली. मजुरी किलोवर, त्यामुळे कुणाच्या वावरात कोणत्या आठवड्यापर्यंत गेलो आणि भाव काय होता, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या प्रश्नावलीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. तुम्ही तो आधीच ठेवा.

मापांचाही घोळ झाला. लोक क्षेत्र सांगतात ते बियाण्याच्या थैल्यांत, आणि एकरी थैल्या प्रत्येकाच्या वेगळ्या. घरी येऊन एकर काढायला बसलात तर फसाल. तिथंच विचारून घ्या.

वाचनासाठी मोठं ग्रंथालय जवळ नसलं तरी अडत नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध फुकट वाचता येतात, २०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय आकडे मिळतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मी अर्ज टाकला होता प्रकल्प जमा करायच्या वीस दिवस आधी, हे सांगायलाही लाज वाटते.

आणि एका प्रबंधातला आकडा वहीत उतरवला, पान नाही उतरवलं. दोन रात्री शोधलं, सापडलं नाही. शेवटी खोडला. माझा सगळ्यात भारी आकडा तोच होता.