पिंजऱ्यातल्या घारीचे जंत: औषधाआधी शीट तपासा

गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर मासळी उतरते तेव्हा ब्राह्मणी घारी डोक्यावर घिरट्या घालत असतात. त्यातली एखादी पंख मोडून खाली आली तर घरी ठेवून घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पाळायला बंदी आहे, तेव्हा लगेच वनखात्याला कळवा. हा लेख उपचार केंद्रात अशा पक्ष्यांचं करणाऱ्यांसाठी आहे.

रानात पोटात थोडे जंत असूनही घार ठणठणीत असते. पिंजऱ्यात एक तर ती घाबरलेली, त्यात जखमी, आणि शीट रोज त्याच जमिनीवर पडते. मग जंत वाढतात. आमच्याकडचा एक शिक्रा पोटभर खात होता, तरी छातीचं हाड बोटाला टोचायला लागलं, तेव्हा कुठे आम्हाला शंका आली.

सुरुवात शिटीपासून करा. संध्याकाळी बसायच्या दांडीखाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा. सकाळी नीट पाहा: मधला काळसर, घट्ट भाग म्हणजे विष्ठा, चुन्यासारखा पांढरा भाग म्हणजे लघवी. जंतांची अंडी पाहायची ती काळ्या भागात, म्हणून चण्याएवढा तोच उचला. पुष्कळजण पांढरंच डबीत भरून नेतात आणि तपासणी फुकट जाते. अंडी रोज पडत नाहीत, तेव्हा लागोपाठ तीन दिवसांचे नमुने घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर ठेवू नका. डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. नुसती हिरवी शीट म्हणजे जंत असं समजू नका, उपाशी पक्ष्याचीही तशीच असते.

डॉक्टर नमुना मिठाच्या दाट पाण्यात घोळून वर तरंगलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅपिलारिया या केसासारख्या बारीक जंताचं अंडं लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच लावल्यागत दिसतं. घार आणि समुद्र गरुड मासे खातात, त्यांच्यात चपटे कृमीही असू शकतात. त्यांची अंडी जड, तरंगत नाहीत. म्हणून तळाचा गाळही पाहायला सांगा.

औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, तेही त्याच दिवशी केलेल्या वजनावरून. कोंबड्यांचं औषध अंदाजाने पाजू नका, ही माझी कळकळीची विनंती. फेनबेन्डाझोल या जंतांच्या औषधाने गिधाडं आणि कबुतरं दगावल्याची उदाहरणं आहेत, आणि नवी पिसं फुटत असताना दिलं तर ती वेडीवाकडी येतात. कॉक्सिडिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी, जंत नव्हे; तो निघाला तर जंतांचं औषध चालत नाही, त्याचं वेगळं असतं.

खरी मेहनत जमिनीवर आहे. जूनमध्ये पाऊस लागला की मातीतून गांडुळं वर येतात आणि काही जंतांच्या अळ्या त्यांच्यातूनच पक्ष्याच्या पोटात जातात. माती काढून उताराची सिमेंटची फरशी करा किंवा नदीतले गोल खडे पसरा. हातमोजे आणि मास्क घालून शीट रोज उचला. कॉक्सिडियाची ताजी अंडी लगेच बाधत नाहीत, ती तयार व्हायच्या आत गेली पाहिजेत. फिनाईलने ती मरत नाहीत. पक्षी बाहेर काढून फरशीवर उकळतं पाणी ओता.

खाऊ घालताना कोंबडीची आतडी काढून टाका, रस्त्यावरची कबुतरं देऊ नका. नवा पक्षी तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवा. औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा दांडीखाली प्लास्टिक अंथरा आणि नमुना पाठवा.