डोंगरकापणीचा व्हिडिओ व्हायरल झाला, तक्रार मात्र झालीच नाही: या चुका टाळा

गोव्यात सत्तरी असो की बार्देश, डोंगरावर जेसीबी दिसला की आधी मोबाईल बाहेर निघतो. निघू दे. घोळ पुढे होतो.

सर्वांत महागात पडते ते व्हिडिओ-फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लहान होतो आणि त्यात नोंदलेली तारीख, वेळ, जागा गळून पडते. चार ग्रुप फिरून आलेला असा फोटो मामलेदारांपुढे ठेवला की ‘कधीचा? कुठला?’ याला उत्तर नसते. म्हणून कॅमेऱ्याचे लोकेशन आधीच चालू ठेवा, मूळ फाईल जपा आणि पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून सर्व्हे नंबर तक्रारीत लिहा. डोंगर कापायला नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली परवानगी लागते, तेव्हा ती आहे का, हेच आधी विचारा. अर्जाची पोच घ्या. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत जाते, पोच राहते.

वन्यजीवांच्या बाबतीत नेमके उलटे करा. वाघाचा ठसा, धनेशाची ढोली दिसली तर लोकेशन काढूनच फोटो टाका. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषाने मेली. त्यासाठी कुणाला इंटरनेट लागले नव्हते. आपण आयता पत्ता कशाला पुरवायचा?

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. वाघ, धबधबा, सभेतली खडाजंगी यांच्या रील्स धावतात. उन्हाळ्यात करपलेला सडा (डोंगरमाथ्यावरचे कातळपठार) किंवा खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीची, गळकी मानस (पाणी अडवणारे दार) कुणी बघत नाही. हळूहळू ग्रुप व्ह्यूज बघून विषय निवडू लागतो आणि सड्याच्या जमिनीचे बांधकामासाठी रूपांतर गुपचूप होऊन जाते. ऑनलाईन प्रचार फुकट जातो असे मुळीच नाही. 2020 च्या टाळेबंदीत मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांचा प्रश्न चित्रांतून, पोस्टांतून घराघरांत गेला. पण तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, ती केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचा अहवाल आणि याचिकेतली कागदपत्रे तपासून. लाईक्स तिथे कुणी मोजले नाहीत.

प्रकल्पावरच्या हरकतीचा एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवून पाठवू नका. आपली विहीर, आपले कुळागर (पोफळीची बाग), आपला रस्ता, प्रत्येकाने आपले लिहावे. मराठीत, कोकणीत, जमेल तसे. पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. पोस्टर बनवण्यात त्यातले वीस घालवू नका.