अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स समजावताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या घरी संध्याकाळी ओट्याखाली चपलांची रांग लागते. हायर सेकंडरीची मुलं वह्या घेऊन येतात. कुणाला फिजिक्सचं गणित अडलेलं असतं, कुणाला केमिस्ट्रीचं. मी शिकवणी घेत नाही. विज्ञान शिकलो आहे आणि मुलांसोबत बसायला आवडतं, म्हणून बसतो. गोव्यात घरोघरी असा कुणी ना कुणी असतो: इंजिनिअरिंगला गेलेला दादा, निवृत्त मास्तर, बीएस्सी झालेली मावशी. मदत मनापासून होते, पण मुलाच्या हाती काय लागतं, ते मदत कशी केली यावर ठरतं. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

मूल बोलून व्हायच्या आत पेन उचलणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. मूल म्हणतं, "सर, हे येत नाही." आपण वही ओढून चार ओळींत गणित सोडवतो. ते मान डोलावतं, "कळलं" म्हणतं आणि जातं. आठ दिवसांनी तेच गणित आकडे बदलून आलं की पुन्हा अडतं. साहजिक आहे, कारण गणित आपण सोडवलं. ते कुठे अडलं होतं हे आपण विचारलंच नाही.

एक उदाहरण देतो. पाण्यापासून १५ मीटर उंच पुलावरून चेंडू सरळ वर १० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला, तर तो किती वेळाने पाण्यात पडेल? गुरुत्वत्वरण १० धरा. एका मुलीचं उत्तर आलं १ सेकंद. पुस्तकात ३. ती म्हणाली, "माझं गणित बरोबर आहे, पुस्तकातलं उत्तर चुकलंय." तिची वही पाहिली. तिने मांडलं होतं (टी म्हणजे लागलेला वेळ): १५ = १०टी + ५टी². त्यातून टी² + २टी − ३ = ० आणि टी = १. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नाही.

मी खाडाखोड केली नाही. एवढंच विचारलं, "एका सेकंदाने चेंडू कुठे असेल गं?" तिने हिशोब केला. वेग १०, दर सेकंदाला १० ने कमी होणार, म्हणजे एका सेकंदाने वेग शून्य. ती थांबली. "सर, तेव्हा तर तो सगळ्यात वर असेल!" मग तिनेच शोधलं की वर फेकलेला वेग आणि खाली जाणारं अंतर, दोन्ही तिने धन धरले होते. पानाच्या कडेला वर जाणारा एक बाण काढला, वरची दिशा धन ठरवली, आणि समीकरण झालं: −१५ = १०टी − ५टी². उत्तर ३ सेकंद. मग मी विचारलं, "तुझं १ सेकंद हे कुठल्या गणिताचं उत्तर आहे?" चेंडू त्याच वेगाने खाली फेकला असता, त्या गणिताचं! चुकीच्या उत्तरालाही अर्थ असतो, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून गणित सुरू करण्याआधी ती समासात बाण काढते. मुलाची चुकलेली मांडणी खोडरबराने पुसू नका. ते कुठे वळलं ते त्याच ओळींत दिसतं.

भाषेचा अडथळा न ओळखणं

आपल्याकडची बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. बारावीपर्यंत इंग्रजी वाचता येतं, पण गणितातल्या शब्दांचा नेमका अर्थ निसटतो. "समजलें ना" (कोंकणीत 'समजलं नाही') असं म्हणणाऱ्या मुलाला दर वेळी फिजिक्सच समजलेलं नसतं असं नाही. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत हे त्याला ठाऊक असतं, पण त्यातून घर्षण शून्य धरायचं हे ठाऊक नसतं. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वस्तुमान सोडून द्यायचं. 'ॲट रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. आधी प्रश्न त्याच्या स्वतःच्या शब्दांत, कोंकणीत की मराठीत, सांगायला लावा. निम्म्या वेळा सांगता सांगताच वाट सापडते.

उलटही होतं. रोजच्या भाषेत आपण "वजन ५० किलो" म्हणतो. फिजिक्सच्या भाषेत ते वस्तुमान, आणि वजन सुमारे ४९० न्यूटन. डोक्यावर घागर घेऊन सपाट वाटेवर चाललं की घाम निघतो, तरी गुरुत्वाकर्षणाच्या बलाने केलेलं कार्य शून्य. इथे मूल गोंधळणारच. "एवढं सोपं कळत नाही?" असं म्हणू नका. हे वाक्य ऐकलेलं मूल पुन्हा प्रश्न विचारायला येत नाही, आणि ते नुकसान एका गणितापेक्षा फार मोठं आहे.

नियम मंत्रासारखा सांगणं

"घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं." मीही हे वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा अकरावीतल्या मुलाने विचारलं, "मग सर, स्कूटर पुढे कशामुळे जाते?" मी इंजिनामुळे असं म्हणून वेळ मारून नेली. रात्रभर ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सांगितलं की काल मी चुकीचं सांगितलं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरत असतील किंवा घसरू पाहत असतील, त्या घसरण्याला घर्षण विरोध करतं. इंजिन मागचं चाक फिरवतं, टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागे सरकू पाहतो, म्हणून रस्ता त्याला पुढे ढकलतो. पुरावा पावसाळ्यात मिळतो: लाल चिखलात स्कूटर रुतली की चाक जागेवर फिरतं आणि चिखल मागे उडतो. पकड सुटली म्हणून पुढे ढकलणारं घर्षण अपुरं पडलं.

चुकलं तर कबूल करा. येत नसेल तर "बघून उद्या सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा.

डोळ्यांसमोरचं सोडून फळ्यावरचं शिकवणं

चोडण बेटावरून रोज फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदरला येणारा मुलगा नदी आणि बोटीच्या गणितात अडला होता. सदिशांच्या आकृत्या काढून झाल्या, उपयोग झाला नाही. त्याला म्हटलं, उद्या ओहोटीच्या वेळी बोटीचं तोंड कुठे वळलेलं असतं ते बघ. परत येऊन म्हणाला, "जुन्या गोव्याकडे!" ओहोटीला पाणी समुद्राकडे, म्हणजे पणजीकडे चाललेलं, म्हणून बोट प्रवाहाविरुद्ध तिरकी धरावी लागते. भरतीला पाणी उलटं वर येतं, तेव्हा तोंड पणजीकडे. मग गणित घेतलं: पात्र ६०० मीटर, बोटीचा वेग ४, प्रवाहाचा २ मीटर प्रति सेकंद. तोंड सरळ समोर ठेवलं तर १५० सेकंदांत पलीकडे, पण ३०० मीटर वाहवत जाणार. बरोबर समोर उतरायचं तर प्रवाहाविरुद्ध ३०° तिरकं, आणि वेळ सुमारे १७३ सेकंद. कमीत कमी वेळ आणि कमीत कमी अंतर ही दोन वेगळी उत्तरं आहेत, यात बहुतेक मुलं चुकतात. तो पुन्हा चुकला नाही.

उत्तराकडे न बघता पुढच्या गणिताला जाणं

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंच. पडणाऱ्या पाण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत गेली तर तापमान किती वाढेल? एका वहीत उत्तर होतं ३०३८ अंश. मुलाने पाण्याची विशिष्ट उष्मा १ घेतली, ती कॅलरीतली, आणि ऊर्जा मात्र ज्यूलमध्ये. खरं उत्तर ९.८ गुणिले ३१० भागिले ४२००, म्हणजे जेमतेम ०.७ अंश. ३०३८ अंशांवर लोखंडसुद्धा उकळतं. एकक तपासायची सवय तर लावाच, पण आधी "हे शक्य आहे का?" असा प्रश्न पडायची सवय लावा.

थोडक्यात आणखी काही. २२० व्होल्टचा १०० वॉटचा दिवा ११० व्होल्टवर ५० नव्हे, २५ वॉट घेतो. मुलं निम्मं लिहितात. (प्रत्यक्षात तार कमी तापल्याने रोध बदलतो, पण परीक्षेत तो तोच धरायचा असतो.) केमिस्ट्रीत समीकरण संतुलित न करता मोलचं गणित सुरू करू देऊ नका. व्हॉट्सॲपवर प्रश्नाचा फोटो आला तर उत्तराचा फोटो पाठवू नका. "तू कुठपर्यंत आलास, त्याचा फोटो टाक" असं लिहा. काहींचा परत फोटो येतच नाही, कारण लिहिता लिहिता सुटलेलं असतं.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नवा धडा उघडू नका. गेल्या वर्षी रात्री नऊला एकजण ऑप्टिक्स घेऊन आला. भिंगाच्या गणितातली अधिक-उणे चिन्हं त्याला येत नव्हती आणि तासाभरात येणारही नव्हती. मी त्याला त्याचीच जुनी वही उघडायला सांगितली आणि येत असलेली तीन गणितं सोडवून घेतली. साडेनऊला त्याला घरी पाठवलं, झोपायला.